रात्रीची वाट आणि दिवसाची खोटी

(जुन्नर तालुक्यातील एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांना पाहण्याचा योग मला कधी आला नाही. परंतु निमंत्रणासोबत त्यांच्या घरच्या मंडळींनी जे चार पानांचे टिपण धाडले होते, त्यात एक गोष्ट अशी होती की, वर्गात पेंगणाऱ्या मुलाला शिक्षा करण्यापूर्वी गुरुजी त्याला जवळ बोलावून ‘काल रात्री कुठे होतास?’ एवढेच विचारीत. आणि रात्रभर पिकाला पाणी देऊन आलेली, किंवा बापाबरोबर बाजाराला माल घेऊन गेलेली पोरे त्यामुळे छडीवाचून सुटत. विषय निवडण्याची मुभा मला होती. ही गोष्ट वाचल्यावर निवडण्यासारखे फारसे उरले नाही, कारण माझ्या तीस वर्षांच्या वकिलीत नेमका हाच प्रश्न वेळेवर विचारायचा राहून गेला, ही रुखरुख मला पुष्कळ दिवसांपासून आहे.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे, कधी मृताच्या वारसांतर्फे तर कधी विमा कंपनीतर्फे, उभे राहण्यात माझे आयुष्य गेले. त्या निमित्ताने जितक्या फिर्यादी आणि जितके पंचनामे माझ्या हाताखालून गेले, त्या सर्वांत एक वाक्य बिनचूक आढळते: आरोपीने ‘आपल्या ताब्यातील मालमोटार हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून भरधाव वेगाने चालवून’ अमुक अमुक केले. जुन्या खरेदीखतात लिहून देणारा कितीही नाइलाजाने सही करीत असला तरी ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने’ हे शब्द जसे येतातच, तसेच हे. पहाटे तीनची वेळ, सरळ रस्ता, कोरडे हवामान, पुढे बंद पडून उभी असलेली एक मालमोटार आणि तिच्यावर मागून आदळलेली दुसरी, अशा प्रकरणांत पंचनामा करणारा हवालदार मोठ्या प्रामाणिकपणाने लिहितो की, रस्त्यावर टायर घासल्याच्या खुणा मिळून आल्या नाहीत. आणि त्याच दप्तरात पुढच्या कागदावर ‘भरधाव’ हा शब्द येतो. टायर घासल्याची खूण नाही म्हणजे बहुधा ब्रेकवर पाय पडला नाही, आणि जागा माणूस समोर मृत्यू दिसत असता ब्रेकवर पाय देत नाही असे सहसा होत नाही. त्या खुणेच्या अभावात जे लिहिलेले होते ते वाचण्याची दृष्टी ना पोलिसांना होती, ना मला.

सरकारी तक्त्यांची गोष्ट यापेक्षा निराळी नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ अपघात होऊन १,६८,४९१ माणसे दगावली. या अपघातांची नियमभंगानुसार जी वाटणी केलेली असते, तीत अतिवेगाचा रकाना आहे, मद्यपानाचा आहे, विरुद्ध दिशेने वाहन हाकण्याचा, तांबडा दिवा ओलांडण्याचा आणि मोबाईलवर बोलण्याचा आहे. झोपेचा रकाना नाही. झोपलेला मनुष्य आपसूक अतिवेगात किंवा ‘इतर’ या धर्मशाळेत जाऊन पडतो. अपघातांची सर्वाधिक संख्या सायंकाळी सहा ते नऊ या वेळात असते, मध्यरात्रीनंतर नव्हे, हे मी दडवीत नाही. पण सायंकाळी रस्त्यावर सारे जग असते आणि पहाटे तीनला जवळजवळ एकटा मालमोटारवाला असतो, हेही ध्यानात ठेवावे लागते.

मनुष्याच्या देहात दिवस आणि रात्र यांचे एक घड्याळ असते, ही गोष्ट आपल्या आजीबाईंना ठाऊक होती. ते पेशीच्या पातळीवर कसे चालते हे दाखविणाऱ्या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पहाटे दोन ते पाच या अवधीत हे घड्याळ सर्वांत मंद असते, आणि दुपारच्या जेवणानंतर त्याला आणखी एक लहानशी ओहोटी लागते. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड या दोघा संशोधकांनी प्रयोगाने असे दाखविले की, सलग सतरा तास जागलेल्या माणसाच्या हातांची आणि लक्षाची अवस्था, रक्तात शंभर मिलिलिटरला पन्नास मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसासारखी होते. आपल्या कायद्याने मद्यपी चालक ठरण्याची मर्यादा तीस मिलिग्रॅमची आहे. म्हणजे सकाळी सहाला उठून रात्री अकरा वाजता चाक हाती घेतलेला पूर्ण निर्व्यसनी, माळकरी चालक हा देहाच्या हिशेबाने कायद्याची मर्यादा ओलांडूनच निघालेला असतो. मात्र त्याच्या तोंडाला लावावे असे कोणतेही यंत्र पोलिसांच्या हाती नाही. चालक ज्याला ‘झापड’ म्हणतात ती पुष्कळदा तीन-चार सेकंदांचीच असते आणि आली-गेली हे त्याला स्वतःलाही कळत नाही. ताशी साठ किलोमीटरच्या बेताच्या वेगाने जाणारी गाडी चार सेकंदांत सदुसष्ट मीटर जाते. आपल्या या सभागृहाची लांबी या अंतराच्या निम्मीही नसेल.

रात्रीचा मालप्रवास ही काही यंत्रयुगाची निर्मिती नव्हे. आपण ज्या तालुक्यात बसलो आहोत तेथून सातवाहनांच्या काळापासून नाणेघाटाने माल कोकणात उतरत आला, आणि तेथल्या दगडी रांजणात जकात पडत असे ही आख्यायिका येथील शाळकरी मुलेही सांगतील. त्या काळी तांडा मजल दरमजल करीत जाई, कारण मुक्काम ही बैलाची गरज होती आणि बैल मेला तर व्यापारी बुडत असे. पुढे बैलगाड्या आल्या. उन्हाळ्यात त्या रात्रीच्या चालत, आणि गाडीखाली कंदील टांगून गाडीवान खुशाल आत अंग टाकीत असे, कारण बैलांना वाट पाठ असे. इंजिनाला वाट पाठ नसते. बैलाकडे असलेली जाग आणि बैलासाठी असलेला मुक्काम या दोन्ही गोष्टी एकाच वेळी गेल्या, आणि त्यांच्या जागी चालकाची जाग तेवढी आली.

तेव्हा ‘रात्री गाडी चालवू नये’ असा उपदेश करण्यासाठी मी आलेलो नाही. नारायणगावच्या बाजारातला टोमॅटो उजाडण्यापूर्वी वाशीला पोचला नाही तर त्याचे काय होते हे तुम्ही मला शिकवाल. मोठ्या शहरांत दिवसाच्या ठरावीक वेळी अवजड गाड्यांना प्रवेशबंदी असते. उन्हाळ्यात दिवसा डांबर तापते आणि टायर फुटतो. रात्री रस्ता मोकळा असतो, हवा गार असते, वाटेत अडविणारे हातही थोडे असतात. चालकांनाच विचारा, पुष्कळ जण रात्र पसंत करतात. आपल्या तालुक्यातले तमाशाचे फड तर वग आटोपून पहाटेच पुढच्या जत्रेच्या वाटेला लागत आले आहेत. गिरणीतला तिसऱ्या पाळीचा कामगार, छापखान्यातला रात्रीचा जुळारी यांनीही जन्मभर रात्री काढल्या. पण त्यांची रात्र ठरलेली होती आणि म्हणून त्यांचा दिवस, म्हणजे झोपेचा दिवस, हाही ठरलेला होता. मालमोटारवाल्याचे दुखणे रात्र हे नसून उद्याची रात्र कोणती हे त्याला आज ठाऊक नसते, हे आहे. आज तो दिवसा चालवितो, उद्या रात्री, परवा दोन्ही वेळा, आणि तेरवा चोवीस तास नुसता उभा असतो. देहाचे घड्याळ कोणत्या बाजूने लावावे?

या उभे राहण्याकडेच मला तुमचे लक्ष वेधायचे आहे. एका दाव्यात माझा पक्षकार स्वतःच चालक होता. जालन्याच्या अलीकडे, पहाटे साडेतीन वाजता, मागे चार दगड आणि एक झाडाची फांदी ठेवून रस्त्यातच उभ्या केलेल्या बंद गाडीवर त्याची संत्र्यांची गाडी आदळली आणि त्याचा उजवा पाय गुडघ्यातून गेला. बंद गाडीला मागे दिवा नव्हता, म्हणून दावा तिच्या विमा कंपनीवर होता. आणि अपघाताला माझ्या पक्षकाराची स्वतःची हयगय कितपत कारण झाली एवढाच वाद होता. त्याची साक्ष तयार करताना, काहीशा उशिराने, गुरुजींचा प्रश्न माझ्याकडून विचारला गेला: त्याआधी तू कुठे होतास?

त्याने जे सांगितले ते असे. सोमवारी सकाळी नऊ वाजता चाकणच्या एका कारखान्याच्या फाटकावर त्याने गाडी लावली, कारण नऊला या असे सांगितलेले होते. माल भरून गाडी सुटली ती रात्री दहाला. तेथून जेवणाखाणाला थांबत, दोनदा स्टिअरिंगवर डोके टेकत, तो मंगळवारी रात्री आठ वाजता नागपूरला पोचला. गोदाम बंद झालेले होते. गाड्यांची रांग होती, आणि नंबर जाऊ नये म्हणून रात्रभर थोड्या थोड्या वेळाने गाडी चार हात पुढे घ्यावी लागत होती. बुधवारी दुपारी एक वाजता गाडी खाली झाली. मालकाने परतीचे भाडे काटोलला ठरवून ठेवले होते. तेथे जाऊन संत्री भरून सायंकाळी सहाला तो निघाला, आणि माल वाशीला वेळेवर लागला पाहिजे हे फोनवर त्याला तीनदा सांगण्यात आले. सोमवारी सकाळी नऊ ते गुरुवारी पहाटे साडेतीन हे साडेसहासष्ट तास होतात. मी कागदावर मांडून पाहिले: त्यांपैकी साडेतेहेतीस तास चाकावर, वाटेतल्या जेवणाखाणासह, आणि तेहेतीस तास फाटकांवर. झोप सगळी मिळून सात तास, आणि तीही तुकड्यातुकड्यांनी. सलग दोन तासही नाहीत. गाडीवर किन्नर, म्हणजे मदतनीस, नव्हता. मालकाने वर्षभरापूर्वीच ठेवणे बंद केले होते.

उलटतपासात समोरच्या विद्वान वकिलांनी त्याला विचारले, ‘म्हणजे तेहेतीस तास तुम्ही आरामातच होता?’ त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि उत्तर दिले, ‘साहेब, लाइन पुढे सरकत असते.’ रोजनाम्यात हे उत्तर जसेच्या तसे लिहून घेतले गेले, आणि त्याचा अर्थ कोणालाही कळला नाही.

आपल्या भाषेत या प्रकाराला एक जुना, नेमका शब्द आहे: खोटी. ‘माझी खोटी झाली’, ‘गाडीची खोटी करू नका’ असे आपण म्हणतो. असत्य या अर्थीच्या खोट्याशी या शब्दाचे नाते असो वा नसो, मालवाहतुकीच्या हिशेबात मात्र दोन्ही एकच झाले आहेत, कारण खोटी झालेला वेळ तेथे घडलेलाच नाही असे मानले जाते. चालकाचा मोबदला बहुधा फेरीवर ठरतो. फाटकावर गेलेल्या तेरा तासांचे त्याला काही मिळत नाही. जे मिळायचे ते पुढच्या पल्ल्यावर, आणि म्हणून दिवसा हरवलेले तास तो रात्रीत शोधीत सुटतो. गोदामवाल्याने दिवसा केलेल्या दिरंगाईची भरपाई पहाटे तीन वाजता कोणाच्या तरी झोपेतून होते. २०२० साली सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेने देशातील दहा वाहतूक केंद्रांवर बाराशेंहून अधिक चालकांची पाहणी केली, तेव्हा झोप आली असतानाही आपण गाडी हाकतो असे जवळजवळ निम्म्यांनी कबूल केले. उरलेल्यांनी कबूल केले नाही, एवढेच मी म्हणेन.

कायदा नाही असे मात्र नाही. १९६१ चा मोटार परिवहन कामगार अधिनियम वाचताना तो किती समजूतदार माणसांनी लिहिला असेल असे वाटत राहते: दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस, लांब पल्ल्यासाठी फार तर दहा आणि चौपन्न, पाच तासांनंतर निदान अर्धा तास विसावा, आजचे काम संपल्यापासून उद्याचे सुरू होईपर्यंत सलग नऊ तास विश्रांती, आणि आठवड्याला एक सुटी. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाने हीच मर्यादा आपल्या कलम ९१ मध्ये उचलून घेतली, आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत तो जुना अधिनियम विलीन करण्यात आला. परंतु हा १९६१ चा कायदा ज्या उपक्रमात पाच किंवा अधिक परिवहन कामगार असतील त्यालाच आपोआप लागू होई. आणि आपल्याकडे मालमोटारींचा धंदा मुख्यतः एक, दोन, चार गाड्या असलेल्या मालकांच्या हाती आहे, ज्यांतले कित्येक स्वतःच चाकावर बसतात. त्याहून मौजेची गोष्ट त्यातील ‘कामाचे तास’ या व्याख्येत आहे. अंतिम स्थानकावरील ‘नुसत्या उपस्थितीचा’ काळ कामात धरावा असे तेथे म्हटले आहे, पण केव्हा, तर तो पंधरा मिनिटांहून कमी असेल तेव्हा! ही व्याख्या करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे उघडच प्रवासी बस होती. १ जून १९४८ रोजी नगर-पुणे मार्गावर पहिली एसटी धावली तेव्हापासून एसटीच्या चालकाला वेळापत्रक आहे, कामाची पाळी आहे, आणि मुक्कामी गाडीच्या टपावर का होईना, पाठ टेकण्याची ठरलेली वेळ आहे. त्याला फाटकावर तेरा तास कोणी उभे करीत नाही. मालमोटारवाल्याचे तेरा तास मात्र, पंधरा मिनिटांच्या पलीकडले असल्यामुळे, काम नव्हेत असा युक्तिवाद करता येतो. मी विमा कंपनीतर्फे असतो तर तो मी स्वतः केला असता.

२०१८ हे वर्ष या कथेत लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी जुलैत मालमोटारींवर लादण्याच्या वजनाची मर्यादा वीस ते पंचवीस टक्क्यांनी वाढविण्यात आली, आणि त्याच वर्षी राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन चालक असलेच पाहिजेत हा नियम काढून टाकण्यात आला. तो नियम पुष्कळदा कागदावरच पाळला जात होता हे खरे. परंतु पाळला न जाणारा नियम नाहीसा करणे हा तो पाळण्याचा मार्ग नव्हे. पुढे, १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या मालमोटारींना वातानुकूलित केबिन सक्तीची करणारी अधिसूचना निघाली. ही चांगलीच गोष्ट झाली, आणि तिचे श्रेय द्यायला मी का कू करणार नाही.

युरोपातील मोठ्या मालमोटारींत टॅकोग्राफ नावाचे यंत्र असते. साडेचार तास चालविल्यावर पंचेचाळीस मिनिटांचा विसावा आणि दिवसाला साधारणपणे नऊच तास चालविणे, हे तेथले दंडक हे यंत्र नोंदवीत असते. पण मला त्या यंत्राचे कौतुक आहे ते त्यावरील चार चिन्हांसाठी. चाक म्हणजे चालविणे. एकमेकांवर ठेवलेले दोन हातोडे म्हणजे इतर काम. खाट म्हणजे विश्रांती. आणि चौथे चिन्ह, तिरपी रेघ मारलेला एक चौकोन, म्हणजे थांबून राहणे. बोलावणे येईल तेव्हा हजर व्हायचे आहे, म्हणून ती खाट नव्हे, हा भेद तेथे निदान चित्राने तरी मान्य केलेला आहे. आपल्याकडेही हल्ली गाड्यांवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रे बसली आहेत. गाडी वाटेत अर्धा तास थांबली की मालकाचा फोन वाजतो. ती यंत्रे गाडीसाठी बसविलेली असल्यामुळे त्यांना खाट आणि रेघेचा चौकोन यांतले अंतर ठाऊक असण्याचे कारण नाही.

माथाडी कामगारांचे उदाहरण येथे आठवल्यावाचून राहत नाही. मुंबईच्या गोद्यांत आणि बाजारांत पाठीवर पोते वाहणाऱ्या या माणसाला ना मालक होता, ना हजेरीपट. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केले आणि १९६९ साली महाराष्ट्राने त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा केला, ज्यात मंडळाकडे नोंदणी आली, मजुरीचा हिशेब आला, भविष्यनिर्वाह निधी आला. अनेक व्यापाऱ्यांची कामे करणाऱ्या, कोणा एकाचा नोकर नसलेल्या माणसालाही कायद्याच्या छत्राखाली आणता येते, हे याच राज्याने करून दाखविलेले आहे. आज त्याच फाटकावर पोते उचलणाऱ्याची नोंद असते आणि पोते घेऊन आलेल्याची नसते. त्याची आठवण आपल्याला झाली ती तो थांबला तेव्हा: जानेवारी २०२४ मध्ये नव्या न्यायसंहितेतील, अपघातानंतर पळून जाण्यासंबंधीच्या कलमाविरुद्ध चालकांनी गाड्या उभ्या केल्या, मनमाडजवळच्या पानेवाडीहून टँकर निघेनासे झाले, आणि दोन दिवस आपण पेट्रोल पंपांपुढे रांगा लावल्या. त्या रांगेत उभे राहून आपण पुष्कळ चिडलो. ती जेमतेम तासा-दोन तासांची खोटी होती.

माझ्या त्या पक्षकाराच्या दाव्यात न्यायाधिकरणाने निम्मा दोष त्याच्या माथी ठेवला आणि भरपाई निम्मी झाली. त्या निर्णयात खोड काढावी असे मला आजही वाटत नाही, कारण तो तेहेतीस तास थांबला होता याचा एकही कागद मी दाखल करू शकलो नाही. बिल्टीवर तारीख होती, वेळ नव्हती. काट्याच्या पावतीवर वेळ होती, पण ती वजनाची. कारखान्याच्या फाटकावरील नोंदवही मागविण्याचा अर्ज मी केला होता. वही जुनी झाल्यामुळे निकालात काढली असे उत्तर आले.

या सभागृहात आडते आहेत, शीतगृहांचे चालक आहेत, सोसायट्यांचे संचालक आहेत, आणि माझी माहिती बरोबर असेल तर दोघे-तिघे गाडीमालकही आहेत. कायदा सुधारेल तेव्हा सुधारेल. तुमच्याकडे मला मागायचे आहे ते फार थोडे आहे. आपल्या फाटकावर एक वही ठेवा. तीत पाच रकाने आखा: गाडी आली, नंबर लागला, भरली अथवा खाली झाली, सुटली, आणि चालक शेवटचा झोपला केव्हा. वेळ घड्याळ पाहून लिहा, चालकाची सही घ्या, आणि त्या पानाची एक प्रत, आपला शिक्का मारून, निघताना त्याच्या हाती द्या.